टक्कल आणि टक्केवारी

केस नसलेल्या माणसाने सलूनच्या धंद्यात सल्ला देऊ नये, असा कायदा कुठे नाही. असता तर माझे बरेच पैसे वाचले असते, आणि भाचीचे त्याहून जास्त. माझ्या डोक्यावर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, मागच्या बाजूने, एक झालर तेवढी उरली आहे. ती कापणारा कारागीर पूर्ण पैसे घेताना माझ्या नजरेला नजर देत नाही. पण डोक्याच्या बाहेरच्या भागाचा आतल्या भागाशी काही संबंध नसतो, अशी माझी समजूत. त्यातून मी निवृत्त बँक अधिकारी. अशा माणसाला घरातलं कुणी हिशेब विचारत नाही, म्हणून तो बाहेरच्यांना सांगत सुटतो.

भाचीचं सलून डोंबिवली पूर्वेला आहे. युनिसेक्स, एसी, हळू आवाजात इंग्रजी गाणी. माणसं पाच : एक सीनियर, त्याच्या हाताखालचा एक ज्युनियर, केसांच्या रंगाचं बघणारी एक मुलगी, बॅकवॉशला डोकी धुणारा पोरगा आणि रिसेप्शनवरची मुलगी. दारातून आत गेलं की डाव्या हाताला काचेचं शेल्फ. त्यावर शाम्पू, कंडिशनर, सीरम, मास्क. डिस्ट्रिब्यूटरने ‘दहावर दोन फ्री’ म्हणून गळ्यात मारलेला माल. फुकटच्या दोनांच्या नादात घेतलेल्या दहा बाटल्या जागच्या हलत नव्हत्या. रिसेप्शनवरची मुलगी रोज सकाळी त्यांच्यावरची धूळ पुसायची, तेवढीच त्यांची उलाढाल.

२०२५ चा श्रावण लागला होता. श्रावणात केस-दाढी न करणारे पुरुष डोंबिवलीत अजून बरेच आहेत. मग गणपतीच्या आधी चार दिवस झुंबड, की लगेच पितृपक्ष. भाडं, विजेचं बिल आणि पगार मात्र श्रावण पाळत नाहीत. भाची काउंटरवर डोकं धरून बसली होती.

“मामा, रिटेल हललं असतं तर हे दोन महिने निघाले असते.”

“कमिशन दे,” मी म्हणालो. एवढ्या झटपट मी बँकेत कधी सहीसुद्धा केली नव्हती.

तिथली पगाराची पद्धत मला ऐकून माहीत होती. ठरलेला पगार, आणि पगाराच्या काही पट काम अंगावर झालं की वरच्या कामावर इन्सेंटिव्ह. पण ते कात्रीच्या कामावर. बाटली विकली काय, न विकली काय, खिशात सारखंच. मग ती विकायला तोंड कोण वाजवणार? मी हे पटवून देत असताना सीनियर मागे कात्री पुसत उभा होता. तो म्हणाला, “आमचे आजोबा गावात बलुतं घ्यायचे. सुगीला धान्य ठरलेलं. मग त्या घरची डोकी वर्षात किती वेळा केली, ते कोण मोजत नव्हतं. टार्गेट नव्हतं, मामा.”

“म्हणून तर बलुतेदारी बुडाली,” मी त्याला सुनावलं. बलुतेदारी बुडण्याची कारणं पुष्कळ आहेत आणि त्यांतलं एकही मला त्या क्षणी आठवत नव्हतं.

रात्री बसून मी स्कीम तयार केली. एक्सेलमध्ये, रंगीत रकान्यांसह. महिन्याची विक्री तीस हजारांपर्यंत पाच टक्के. तीस हजार ओलांडले की आठ टक्के. मुलांना हिशेब सोपा जावा म्हणून आठ टक्के सगळ्या विक्रीवर, पहिल्या रुपयापासून. कमिशन छापील किमतीवर, कारण तो आकडा बाटलीवरच असतो, विचारायला जायला नको. जोडीला मी एक कागदही दिला : ‘गिऱ्हाइकाशी कसे बोलावे’. त्यात वाक्य होतं, ‘भीती घालू नये, परंतु काळजी निर्माण व्हावी.’ बँकेत आम्हाला पेन्शनरांना विमा पॉलिसी विकायला लावत, तेव्हाचं हे माझं वाक्य. मला त्याचा अभिमान होता.

ऑगस्टमध्ये शेल्फ रिकामं झालं. भाचीने मला पेढे दिले. मी ते खात असताना बॅकवॉशकडून आवाज येत होता, “मॅडम, पाणी कुठलं वापरता? बोअरचं? मग बरोबर.”

आता बॅकवॉशची खुर्ची काय चीज असते, ते ज्यांना केस आहेत त्यांना माहीत असेल. मान मागे टाकलेली, गळ्याभोवती टॉवेल, डोळ्यांवरचा चष्मा काढून ठेवलेला, केस ओले, पाय अधांतरी. या अवस्थेत माणूस उठून जाऊ शकत नाही. आमच्या कर्जवसुलीलाही इतकी सोय नव्हती. पोरगा हातात आलेले चार केस मॅडमच्या डोळ्यांसमोर धरायचा आणि काही न बोलता उसासा टाकायचा. उसासा कागदात नव्हता, ती त्याची स्वतःची भर. खरं तर धडधाकट माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतातच. आणि डोक्याबाहेर आलेला केस हा मेलेलाच असतो. त्याला कितीही मास्क फासा, तो काही खात-पीत नाही. वरून मऊ लागतो, विंचरायला सोपा जातो, चमकतो, आणि एवढ्यासाठी चांगला कंडिशनर घ्यायला काहीच हरकत नाही. पण ‘विंचरायला सोपं जाईल’ या वाक्याने काळजी कुठे निर्माण होते? त्यामुळे आमच्याकडे येणारं प्रत्येक डोकं ‘ड्राय अँड डॅमेज्ड’ ठरू लागलं. डोंबिवलीत इतके खराब केस होते आणि आपल्याला पत्ता नव्हता, याचं मला त्या दिवसांत खरोखर वाईट वाटे.

मग भांडण लागलं. एका बाईंनी सीरमची बाटली घेतली. डोकं धुताना सीरमचं नाव प्रथम काढलं पोराने. केस सेट करताना दोन थेंब लावून दाखवले ज्युनियरने. “घ्या मॅडम, मी स्वतः घरी वापरतो,” असं म्हणाला सीनियर. (घरी तो नारळाचं तेल लावतो.) आणि बिल फाडलं रिसेप्शनने. विक्री कुणाची? मी न्यायनिवाडा केला : ज्याने नाव काढलं त्याला पन्नास टक्के, ज्याने दाखवलं त्याला तीस, ज्याने सौदा पक्का केला त्याला वीस. निवाडा असा पक्का होता की दुसऱ्या दिवसापासून कुणालाच मागे राहायचं नव्हतं. गिऱ्हाईक दारातून आत आलं, की चपला काढायच्या आधी पोरगा सीरमचं नाव काढी. हक्क लागायला हवा ना! वॅक्सिंगला आलेल्या बाईंनाही शाम्पूचं नाव ऐकावं लागलं. रिसेप्शनवरच्या मुलीला या वाटणीत काहीच नव्हतं. तिने शेल्फ पुसणं बंद केलं.

या सगळ्यातून सुटली होती ती रंगाची मुलगी. ती पट्टीने पट्टी रंग लावत बसायची आणि गप्प असायची. मी तिला बाजूला घेऊन समजावलंही, की बोललं पाहिजे, बोलणाऱ्याची माती विकली जाते. ती “हो मामा” म्हणाली. महिनाअखेरीला यादीत तिचं नाव आठ टक्क्यांच्या रकान्यात होतं. माझा ऊर भरून आला. शिकवलेलं वाया जात नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी हिशेब जमवायला जायचो, तेव्हा सीनियर माझ्याशी फार प्रेमाने वागायचा. चहा यायचा. झालर फुकट सारखी व्हायची. मग तो माझ्या टाळूवरून अंगठा फिरवून म्हणायचा, “मामा, टाळूची कातडी कोरडी पडलीय. शेवटी तीही स्किनच ना?” वास्तविक माझं डोकं सरकारने अधिकृतरीत्या सोडून दिलेलं आहे. औषधे नियम, १९४५ यांना एक ‘शेड्यूल जे’ जोडलेलं आहे. कोणत्या आजारांवर ‘आमच्या औषधाने बरं होतं’ असा दावा करायचा नाही, त्यांची ती यादी. कर्करोग, एड्स वगैरे मंडळींच्या पंगतीत टक्कलही बसलेलं आहे. हे मला पाठ. तरी मी ५९० रुपयांचा शाम्पू घ्यायचो. कारण सीनियर सांगायचा, “एवढी एक झाली की माझं टार्गेट होतं, मामा.” मीच आखलेल्या रेषेवर एक गरीब कारागीर अडकलेला बघवत नसे. त्याचं झालं की ज्युनियर अंगठा घेऊन यायचा. बाटल्या मी बायकोच्या नकळत माळ्यावर, चकलीच्या सोऱ्यामागे ठेवत गेलो.

रंगाच्या मुलीनेच एकदा मला सहज विचारलं. “मामा, ते तीस हजारांचं तुम्ही मुद्दाम ठेवलंय ना? बोनससारखं?”

“काय मुद्दाम?”

तिने फॉइलच्या कागदावर, रंगाच्या ब्रशच्या शेपटाने आकडे ओरखडून दाखवले. विक्री २९,५०० झाली, तर पाच टक्क्यांनी कमिशन १,४७५ रुपये. आता आपणच पदरचे ५९० टाकून एक शाम्पू घ्यायचा. विक्री ३०,०९०. तिच्यावर आठ टक्के म्हणजे २,४०७. कमिशन ९३२ रुपयांनी वाढलं. त्यातून शाम्पूचे ५९० वजा केले, तरी ३४२ रुपये वर. शिवाय शाम्पू.

“आणि तो शाम्पू?” मी कोरड्या घशाने विचारलं.

“तो आमच्या चाळीत पाचशेला जातो.”

आता आयकराचे स्लॅब असे नसतात. वरचा दर वरच्याच पैशाला लागतो, खालच्याला नाही. पगारवाढ झाली की ‘साहेब, स्लॅब बदलला, उलट तोटा होईल’ म्हणून घाबरून येणाऱ्या कित्येक खातेदारांना मी हे काउंटरवर कागद घेऊन समजावलेलं आहे, आणि ते समजल्यावर त्यांच्याकडे जरा दयेने पाहिलेलंही आहे. बारावी कॉमर्सनंतर शिक्षण सोडलेल्या त्या मुलीने माझ्याकडे तसं पाहिलं नाही, हा तिचा चांगुलपणा.

चाळीत पाचशेला जाणारी बाटली मग सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरू लागली. आमच्याच खुर्चीत बसून आमच्याच मॅडम विचारायला लागल्या, “अहो, हाच बाहेर पाचशेला मिळतो, तुम्ही ५९० कसे लावता?” मुलं लगेच दहा टक्के डिस्काउंट द्यायची. डिस्काउंट भाचीच्या खिशातून आणि कमिशन छापील किमतीवर, मग त्यांना काय जातंय? भाचीला ती बाटली चारशेला पडत होती. १९० रुपये सुटायचे. त्यातले ५९ डिस्काउंटला, ४७ कमिशनला, आणि वर जीएसटीतला फरक. हातात साठ-पासष्ट रुपये. तेवढ्यात डिस्ट्रिब्यूटर पुन्हा ‘दहावर दोन’ घेऊन हजर, कारण एवढं हलणारं शेल्फ त्याने पूर्ण डोंबिवलीत पाहिलं नव्हतं.

पितृपक्ष कसाबसा सरला. २२ सप्टेंबरला घटस्थापना, आणि नेमके त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर. शाम्पू अठरा टक्क्यांवरून पाचवर. सलूनच्या सेवेवरचा करही अठरावरून पाचवर आला, मात्र इनपुट क्रेडिट गेलं. सगळा देश खूश होता. माझं एक्सेल तेवढं लाल झालं होतं. ५९० च्या बाटलीत ५०० माल आणि ९० कर होता. आता ५०० वर २५, म्हणजे ५२५. आठ टक्के ४७ वरून ४२ वर आले. पोरगा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. “मामा, सरकारने त्यांचं कमी केलं ते ठीक. आमचं का कमी केलं?”

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की ऑगस्टपासून भाची सरकारच्या करावरसुद्धा मुलांना कमिशन वाटत होती. कर वाढला असता तर त्यांचं कमिशनही वाढलं असतं. जगात कुठल्याही अर्थमंत्र्याला मिळाला नसेल एवढा पाठिंबा अठरा टक्क्यांना आमच्या सलूनमध्ये होता. ‘कमिशन कर वगळून, प्रत्यक्ष हातात आलेल्या रकमेवर’ ही एक ओळ मी लिहिली असती तर हे झालं नसतं. पण तेव्हा मी रकान्यांना रंग देत होतो.

पैशाचं एक वेळ भरून आलं असतं. पण खुर्च्या रिकाम्या दिसायला लागल्या. दर महिन्याला रूट टच-अपला येणाऱ्या एक शिक्षिका होत्या, स्वभावाने कडक, पण टिप देणाऱ्या. त्या दिसेनात. एकदा भाजी घेताना भेटल्या, डोक्याला रुमाल.

“मी आता घरीच मेंदी लावते,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडे आलं की मला रोगी झाल्यासारखं वाटतं. पूर्वी तो मुलगा नुसतं डोकं चेपायचा. मी झोपायचे हो तिथे!”

या बाबतीत मी अडाणी होतो म्हणावं, तर तसंही नाही. १९९२ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या ग्राहक खात्याने सिअर्स या बड्या कंपनीच्या मोटार दुरुस्ती केंद्रांवर ठपका ठेवला होता, की गरज नसलेल्या दुरुस्त्या गिऱ्हाइकांच्या माथी मारल्या जातात. गाडी बघून ‘काय बिघडलंय’ ते सांगणाऱ्या माणसालाच तिथे विक्रीवर कमिशन होतं. बोभाटा झाल्यावर कंपनीने ते बंद केलं. हे उदाहरण मी बँकेच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये नव्या मुलांना स्वतः शिकवत असे. फळ्यावर गाडी काढून. माझी गाडी चांगली येते. फक्त त्या गाडीच्या जागी बॅकवॉशची खुर्ची काढून बघायचं मला सुचलं नाही. दोन्हीकडे तपासणारा आणि विकणारा एकच. आणि गाडीच्या मालकाला निदान चष्मा तरी घालून उभं राहता येतं.

दिवाळीच्या गर्दीत कुणाला बोलायला फुरसत नव्हती. पाडवा उलटल्यावर भाचीने मला बोलावलं. मी नवीन एक्सेल घेऊन गेलो होतो. यात पाच स्लॅब होते, वरचा दर वरच्याच पैशाला, परत आलेल्या बाटलीचं कमिशन कापून घेण्याचा रकाना आणि वाटणीच्या तंट्यासाठी तीन जणांची समिती. समितीचा अध्यक्ष कोण असावा ते मी मोकळं सोडलं होतं, पण सुचवलं होतं.

तिने लॅपटॉप उघडूच दिला नाही. जुन्या बिलाच्या पाठीवर चार ओळी लिहिल्या होत्या, त्या वाचून दाखवल्या. एकच दर, स्लॅब नाही. कर वगळून, डिस्काउंट वगळून, जे हातात येईल त्यावर. पैसे सगळ्यांचे मिळून, पाच सारखे वाटे, रिसेप्शन धरून. आणि कमिशन दुसऱ्या बाटलीवर.

“दुसऱ्या म्हणजे?”

“म्हणजे पहिली घेतली त्यावर काही नाही. तेच गिऱ्हाईक तीच बाटली परत न्यायला आलं, की कमिशन. मामा, पहिली बाटली बोलून खपते. दुसरी खपायला तिचे केस खरंच सुळसुळीत व्हावे लागतात.”

“पण मग पहिली कोण विकेल?”

“ज्याला वाटेल की ही परत येईल, तो विकेल. ज्या बाईला गरज नाही, तिला विकून त्यांना काय मिळणार?”

मी एखादी चूक सापडते का ते शोधलं. बरंच शोधलं. एवढंच म्हणालो, की याला नाव हवं आणि रकाने हवेत. तिने मला पेढा दिला.

नोव्हेंबरात सलूनमध्ये शांतता होती. पोरगा नुसती डोकी चेपत होता. त्याने एका मुलीला “तुम्हाला काही लागत नाही, फक्त रोज धुऊ नका” असं सांगितलेलं मी स्वतः ऐकलं आणि सवयीने माझ्या पोटात कळ आली. सीरमची एक बाटली तर रंगाच्या मुलीने गिऱ्हाइकाच्या हातून काढून परत शेल्फवर ठेवली. महिनाअखेरीला मी न बोलावता गेलो. रिसेप्शनवरच्या मुलीने, आता तिचाही पाचवा वाटा असल्यामुळे, यादी मन लावून केली होती : एकच प्रॉडक्ट दोनदा किंवा अधिक वेळा नेलेली गिऱ्हाइकं. नावं थोडीच होती. सगळ्यात वर, सर्वांत जास्त बाटल्यांसह, माझं नाव.

पाचही जण माझ्याकडे बघत होते. सीनियरने स्टूल पुढे केलं. चहा आला. पोराने टाळूवरून हळूच अंगठा फिरवला.

“मामा, तुमचा शाम्पू संपत आला असेल.”

मला माळा आठवला, सोऱ्याच्या मागचा. “कोणता होता माझा?” मी विचारलं.

“ड्राय अँड डॅमेज्डचा.”

“पण हे नव्या स्कीममध्ये बसतं का?”

“बसतं ना, मामा.”

“बघ हं. आकडेमोड नीट तपासून सांग.”

“स्कीम ताईंची आहे, मामा,” पोरगा म्हणाला. “तुमची नाही. बिनधास्त घ्या.”